नववीतच उघडायची फाईल

जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सुविधा केंद्रावर सकाळी दहाला जाऊन उभे राहावे. प्रवेश म्हणजे गुण, हा समज तिथे तासाभरात गळून पडतो. टेबलापलीकडचे प्राध्यापक कोणालाही गुण विचारत नाहीत; पर्सेंटाइल त्यांना स्क्रीनवर दिसतच असते. ते विचारतात, "नॉन-क्रिमीलेअर यंदाचं आहे का?" "व्हॅलिडिटी आली, की नुसती पावती?" "दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, असं कसं?" कागदपत्रांची तपासणी आता घरबसल्या ऑनलाइनही करून घेता येते. तरी बाहेरगावची माणसे केंद्रावर येतात, कारण समोर बसलेल्या माणसाला निदान प्रश्न विचारता येतो.

या रांगेतून जी मुले परत जातात, त्यांतली बरीचशी अभ्यासात कमी नसतात. एखाद्याचे नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपलेले असते आणि ते १ एप्रिलनंतर नव्याने काढावे लागते हे घरात कोणाला ठाऊक नसते. एखादीने सीईटीचा निकाल लागल्यावर जात पडताळणीचा अर्ज केलेला असतो. दोन वर्षे पहाटे उठून केलेला अभ्यास तहसीलच्या एका खिडकीपाशी अडतो, आणि ती खिडकी दोन वर्षे उघडीच होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की कॉलेजचा प्रवेश बारावीनंतर होतो असे आपण मानतो, पण त्याचा मोठा भाग आठवी ते अकरावी या चार वर्षांत ठरून गेलेला असतो. ज्या घरात आधी कोणी इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक झाले आहे, तिथे ही माहिती जेवताना कानावर पडते. ज्या घरात पहिलेच मूल कॉलेजात जाते आहे, तिथे ती कोणी सांगत नाही. गुणांमधली विषमता आपण मोजतो. या माहितीतल्या विषमतेची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेवर नसते.

आधी कागदांचेच बोलू, कारण सर्वाधिक मुले तिथेच अडकतात. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते पुरेसे नाही. जिल्ह्याच्या पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी या समित्या वेगळ्या आहेत. राज्याच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या पणजोबांचा पुरावा आणायचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा समिती प्रामुख्याने पाहते. वडील, काका, चुलत भाऊ, कोणा एकाची वैधता आधी झालेली असेल तर वंशावळ आणि शपथपत्र जोडून काम पुष्कळ सोपे होते. घरातले पहिलेच मूल असेल तर शोध सुरू होतो: आजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना नंबर १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत.

ही कागदपत्रे जिथे आहेत तिथली लिपीही बदलते. पश्चिम महाराष्ट्रात जुन्या नोंदी मोडीत सापडतात, मराठवाड्यात निजामकाळातल्या उर्दूत. मग मोडी वाचणारा जाणकार शोधायचा आणि त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचे. पुण्याजवळच्या अशा एका वाचकाच्या टेबलावर मी मे महिन्यात साठलेला ढीग पाहिला. त्यांनी सांगितले की डिसेंबरात त्यांच्याकडे फारसे कोणी येत नाही. निकाल लागले की मात्र सगळे एकाच आठवड्यात येतात, आणि प्रत्येकाला उद्याच हवे असते.

भटक्या विमुक्त समाजातल्या मुलांची अडचण याहून कठीण आहे. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले, शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावे कधी जमीन नव्हती, त्यांचा १९६१ पूर्वीचा कागद कुठून यायचा? ज्या भटकेपणामुळे सवलत मिळाली, त्याच भटकेपणाने पुरावा हिरावून घेतला आहे. अशा अर्जांत समिती गृहचौकशी करते, दक्षता पथक येऊन जाते, समाजाच्या चालीरीती, दैवते, बोली यांची माहिती घेते. याला वेळ लागतो. हा वेळ दहावीनंतर लगेच धरला तर पुरतो, बारावीच्या जूनमध्ये धरला तर पुरत नाही. अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी घेतले आहेत आणि ते घ्यायलाच हवे होते. पण वाढीव मुदतीच्या आशेवर कोणी मुलाचे वर्ष ठेवू नये.

याहून साधी चूक नावाची. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरल्यावर शाळेकडे प्री-लिस्ट येते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख असते आणि मुलाने तपासून सही करायची असते. वर्गात ती सही घाईत होते. पुढे तेच नाव गुणपत्रिकेवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, सीईटीच्या अर्जावर जाते. आधारवर वेगळे आणि बँकेत तिसरेच असले की शिष्यवृत्तीचे पैसेही अडकतात. मूल शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत रीतसर करून घेता येते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. म्हणून नववीत एकदा रजिस्टरमधली नोंद, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. यासाठी कुठल्याही क्लासची गरज नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका हे काम दरवर्षी करतात. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. "आमचं कॅलेंडर कारखान्याचं आहे," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या मार्चशिवाय येत नाहीत. नेमके त्याच दिवसांत बोर्डाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जेईईचे फॉर्म. सही वडिलांची पाहिजे, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील फडात. तिथं रेंज नसते." उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यापुढे जायलाही घरात कर्ता माणूस नसतो. आजी असते, तिच्या नावावर काही नसते. प्रवेशाच्या वेळापत्रकात असे पालक कोणी धरलेलेच नाहीत, आणि राज्यात ते लाखांनी आहेत.

कागदांनंतर विषय. अकरावी विज्ञानाला जाताना गणित घ्यायचे की जीवशास्त्र की दोन्ही, हा निर्णय जूनमधल्या चार दिवसांत होतो, बहुतेकदा मैत्रिणीने काय घेतले ते पाहून. गणित सोडले की अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र मागे पडते. एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचे असेल तर तेही. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शाखा मागे पडतात. औषधनिर्माणशास्त्राला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो, हे अनेकांना बारावीनंतर कळते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणाऱ्यावर ओझे फार पडते हे खरे, पण पंधराव्या वर्षी ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याने एक वर्ष ओझे घेतलेले मला बरे वाटते. न घेतलेला विषय बारावीनंतर परत मिळवणे त्याहून कितीतरी महाग पडते.

एक गोष्ट मात्र आठवीतच बघायला हवी, ती म्हणजे भाषा. मराठी माध्यमाच्या शाळांतले सेमी-इंग्रजी वर्ग हे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमाबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच हे सांगणे भाग आहे की राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळू शकतात, गणिताचे फक्त इंग्रजीत. २०० गुणांच्या त्या परीक्षेत अभियांत्रिकीच्या गटाला गणिताचे १०० गुण आहेत. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, पण अकरावीच्या वर्गात बहुतेक ठिकाणी फळ्यावर इंग्रजीच असते. संपूर्ण मराठीतून आलेल्या हुशार मुलाचे अकरावीचे पहिले सहा महिने संज्ञा कळण्यातच जातात. ज्या शाळेत सेमी नाही, तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी नववी-दहावीत प्रत्येक संकल्पनेचे मराठी नाव शिकवताना शेजारी इंग्रजी नावही लिहिले, तरी या सहा महिन्यांतले तीन वाचतात. नांदेडमधले एक शिक्षक हे करतात. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर अशी यादी वाढत जाते.

अकरावीला मुले 'रेस्ट इयर' म्हणतात. दहावीचा ताण गेला, बारावीचा यायचा आहे, मध्ये एक वर्ष मोकळे. सीईटीत अकरावीच्या निवडक धड्यांवर सुमारे २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न येतात, त्यामुळे हा समज काही अंशी टिकून राहतो. पण नीट आणि जेईईला दोन्ही वर्षे सारखी महत्त्वाची आहेत, आणि अकरावीचे सदिश, त्रिकोणमिती, मोल संकल्पना कच्ची राहिली की बारावीतले काहीच नीट उभे राहत नाही.

आता लातूर. या विषयावर लिहिताना लातूर टाळता येत नाही. १९८०-९० च्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी यांतून जी पद्धत बसवली, तिला पुढे लातूर पॅटर्न म्हणू लागले. त्यामागचा विचार मोठा होता: मागास म्हणवल्या गेलेल्या मराठवाड्यातल्या मुलांना मुंबई-पुण्याच्या बरोबरीने उभे करायचे, आणि तेही कॉलेजच्या आतच. आज लातूरच्या ट्युशन एरियात फिरताना तो मूळ विचार शोधावा लागतो. इमारतींवर निकालाचे फलक, खानावळी, अभ्यासिका, आणि भाड्याच्या एका खोलीत मुलाबरोबर राहायला आलेल्या आया. परभणीकडच्या अशा एका आईशी बोलले. शेत नवऱ्याकडे सोपवून त्या दोन वर्षांसाठी इथे आल्या आहेत. "पोरगं जेवतंय की न्हाई, झोपतंय की न्हाई, हे बघायला कुणी नगं का?" मुलाला काय व्हायचे आहे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "डाक्टरच की. दुसरं काय असतंय?" हे त्या भाबडेपणाने म्हणाल्या नाहीत. त्यांच्या पाहण्यात दुसरे काही आलेलेच नव्हते.

या वाक्यापाशी मी फार वेळ थांबले. नीटला देशभरातून २० लाखांहून अधिक मुले बसतात आणि सरकारी एमबीबीएसच्या जागा त्या मानाने अगदी थोड्या आहेत. आधीच आखणी करायची म्हणजे एका परीक्षेसाठी लवकर जुंपायचे, असा अर्थ महाराष्ट्रात रूढ झाला आहे. आठवीपासून फाउंडेशन बॅच, नववीपासून निवासी क्लास. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असे सांगितले. इंटिग्रेटेड कॉलेजांना आळा घालण्यासाठी राज्याने २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला. तरी नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, ही व्यवस्था चालूच आहे. माझ्या मते आखणीचा खरा अर्थ याच्या उलट आहे: बाराव्या इयत्तेपर्यंत जास्तीत जास्त वाटा उघड्या ठेवायच्या आणि प्रत्येक वाटेची तारीख माहीत असायची.

कोटा किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनी एक नियम घर सोडण्यापूर्वी वाचलाच पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. महाराष्ट्रातल्या या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण असावी लागते. अपवाद मोजके आहेत. क्लास परराज्यात आणि बारावीही तिथल्याच शाळेतून, असे केले की उत्तम गुण असूनही मूल उरलेल्या १५ टक्क्यांच्या देशव्यापी स्पर्धेत ढकलले जाते. राज्याच्या आत विभागांसाठी असलेला ७०:३० चा नियम मात्र सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीयसाठी रद्द झाला. अभियांत्रिकीत होम युनिव्हर्सिटीचा हिशेब अजून आहे, आणि तो बारावी कुठून झाली यावर ठरतो. म्हणजे अकरावीसाठी गाव निवडताना आपण कॉलेजच्या जागाही निवडत असतो.

अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया मुंबईत २००९ पासून आहे. २०२५ मध्ये ती पहिल्यांदा सबंध राज्याला लागू झाली. ९ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि २० लाखांहून अधिक जागा एका संकेतस्थळावर आल्या. गडचिरोलीतल्या मुलीला मुंबईतले कॉलेज भरता येते ही चांगली गोष्ट झाली. पण ज्या तालुक्यात दाखला घेऊन समोरच्या कॉलेजात जायचे एवढीच पद्धत होती, तिथे दहा पसंतिक्रम, फेऱ्या आणि कोटे समजावणारे कोणी नव्हते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते, नाही घेतले तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम अनेकांना बाहेर पडल्यावर कळला.

पदवीच्या ऑप्शन फॉर्मचेही तसेच. मुले मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून 'आपल्याला मिळेल' असे कॉलेज वर टाकतात. खरे तर यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि पहिली मिळणारी जागा देते. त्यामुळे अवघड पण मनापासून हवे असलेले कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. मात्र नको असलेले वर लिहिले तर तेच गळ्यात पडते. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तर ते घेणे बंधनकारक होते. हा फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणारे आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. नियमपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट असते. ती वाचायला एक दुपार लागते, आणि ही दुपार मूल अकरावीत असतानाच काढावी, कारण तेव्हा डोके शांत असते.

नियम दरवर्षी बदलतात, ही तक्रार खरी आहे. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना पहिल्यांदाच सीईटी लागू झाली. वाणिज्य शाखेची असंख्य मुले बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल म्हणून निर्धास्त होती, परीक्षेचा अर्जच त्यांनी भरला नव्हता. जागा रिकाम्या राहिल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. तेव्हा मुंबईतल्या एका मुलीने मला सांगितले की तिच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर ही बातमी लागलीच नव्हती. सूचनाफलक वाचणे आणि शिक्षकांनी तो भरता ठेवणे, दोन्ही पुन्हा सुरू झाले पाहिजे.

ज्या वाटा दहावीच्या आतच संपतात, त्या सर्वांत कमी लोकांना माहीत असतात. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ज्या घराचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे त्या घरासाठी ही रक्कम पुस्तकांची आणि प्रवासाची सोय आहे. एनडीएचे स्वप्न असलेल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था झाली आहे. तिथला प्रवेश अकरावीचा, म्हणून अर्ज दहावीत असतानाच करायचा. तंत्रनिकेतनची वाट तर आपण विनाकारण खाली मानली. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांची पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. यात सीईटी नाही, क्लासची फी नाही, आणि मध्ये गरज पडली तर हातात नोकरीपुरते शिक्षण आहे. सोलापूरच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाने ही वाट घेतली. त्याच्या वर्गातले काही जण नीट तिसऱ्यांदा देत होते तेव्हा तो पदवीच्या वर्गात बसला होता.

मुलींच्या बाबतीत एक निर्णय गावोगाव पोचायला हवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'केंद्रीय फेरीतून' हे शब्द महत्त्वाचे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. 'मुलीवर एवढा खर्च कशाला' असे म्हणणाऱ्या घरात हा कागद नववीतच दाखवला, तर तिच्या लग्नाचे बोलणे निदान चार वर्षे पुढे जाऊ शकते. हे मी ग्रामीण भागातल्या शिक्षिकांकडून पुन्हा पुन्हा ऐकले आहे.

हे सगळे सांगायचे कोणी? शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती. तिच्या शास्त्रीयतेवर चर्चा होऊ शकते, पण प्रत्येक मुलाला शाळेत बसवून 'तुला काय आवडते' असे राज्याने विचारले ही साधी गोष्ट नव्हती. पुढे ती थांबली. आज बहुतेक शाळांत समुपदेशक नाही. वर्गशिक्षकच उरतात, आणि त्यांच्यामागे निवडणुकीची, सर्वेक्षणांची कामे लागलेली असतात. मागणी करायचीच तर एवढी करावी की प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकाला या कामासाठी तास मोकळे मिळावेत, आणि जात पडताळणीचा अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रातच कॉलेजने भरून घ्यावा. काही समित्या कॉलेजांत शिबिरे घेतात. ती अपवादाने होतात, ती नियमाने व्हावीत.

बीडच्या मुख्याध्यापिकांनी नियम निघण्याची वाट पाहिली नाही. दसरा झाला की त्या नववी-दहावीच्या पालकांची सभा घेतात, कारण दिवाळीनंतर पालक गावात नसतात. टोळी निघण्याआधी उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज होतात आणि बँक खात्याला आधार जोडले जाते. अर्जांवर मोबाइल नंबर गावात मागे राहणाऱ्या माणसाचा घातला जातो, चुलत्याचा किंवा मामाचा, आणि तो आधीच पडताळून पाहिला जातो. ज्यांच्या आजोबांची शाळा दुसऱ्या तालुक्यात होती त्यांना त्या स्वतःच्या सहीचे पत्र देतात, म्हणजे तिथला कारकून उतारा शोधून देतो. शाळा दिवाळीत बंद असतात, म्हणून हे काम सुट्टी लागण्याच्या आधल्या आठवड्यात करा, असे त्या पालकांना बजावून सांगतात. यंदाच्या सभेत एका वडिलांनी विचारले, "बाई, पोरगी आत्ता नववीत हाय. एवढी घाई कशाला?" बाईंनी त्यांच्यापुढे कोरा अर्ज ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं नाव शाळेच्या रजिस्टरला कोणत्या सालात लागलंय, तेवढं आधी सांगा." त्यांना ते माहीत नव्हते. त्यांनी तिथूनच गावी थोरल्या भावाला फोन लावला.